एका शिडीची तूट

डोंगर चढणाऱ्या माणसांचे ढोबळ मानाने दोन प्रकार असतात. ज्यांना डोंगर बोलावतो ते पहिले, आणि ज्यांना डॉक्टर पाठवतो ते दुसरे. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो. माझ्या रक्तातल्या साखरेचा कागद बघून डॉक्टर म्हणाले, "चालायला लागा." मी म्हटलं, "चालतो की. रोज घरापासून स्टेशनपर्यंत." ते म्हणाले, "ते चालणं नव्हे. ते लोकलसाठी पळणं. त्याने साखर कमी होत नाही, रक्तदाब तेवढा वाढतो."

आमच्या शाखेतली चार-पाच तरुण पोरं दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या गडावर जातात. त्यांनी एकदा सहज म्हटलं, "काका, चला की आमच्याबरोबर." त्यातलं 'चला' मला ऐकूच आलं नाही. 'काका' तेवढं ऐकू आलं. चव्वेचाळीस हे काय काका होण्याचं वय आहे? त्या एका शब्दाचा निषेध म्हणून मी बूट घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "कुठला ट्रेक करताय, सर?" मी म्हटलं, "सध्या जिना." आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

तेव्हापासून दोन वर्षं मी हौशी गिर्यारोहक आहे. माझ्या नावावर लोहगड जमा आहे, विसापूर जमा आहे, राजमाची जमा आहे आणि हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याची चहाची टपरी जमा आहे. हौशी माणसाचं हे असंच असतं. त्याच्या कीर्तीला चढ-उतार असतात आणि त्यात उतार जास्त असतात.

या दोन वर्षांत मी डोंगराचं थोडं शास्त्र शिकलो. चढताना छाती बोलते आणि उतरताना गुडघे बोलतात. घरून निघताना पाण्याची बाटली जड वाटते आणि वर पोचल्यावर हलकी वाटते, तेव्हा मात्र ती जड असती तर बरं झालं असतं असं वाटतं. पण सर्वांत महत्त्वाचा धडा म्हणजे, डोंगरावर सगळं जग एका खोट्या वाक्यावर चाललेलं असतं. वर जाणारा माणूस धापा टाकत खाली येणाऱ्याला विचारतो, "अजून किती?" आणि खाली येणारा, मग तो हरिश्चंद्राच्या वंशातला का असेना, न चुकता सांगतो, "हे काय, आलंच! पाच मिनिटं." ही पाच मिनिटं अर्ध्या रस्त्यात पाच मिनिटंच असतात आणि पाऊण रस्त्यातही पाच मिनिटंच असतात. गंमत अशी, की ज्याला सकाळी या पाच मिनिटांनी फसवलेलं असतं, तोच दुपारी उतरताना पुढच्याला तीच पाच मिनिटं देतो. बँकेत फाटकी नोट अशीच पुढे सरकते.

हे खोटं मी मनापासून माफ केलेलं आहे. माझं दुखणं दुसऱ्याच एका खोट्याचं आहे, आणि ते माझं स्वतःचं आहे.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी पोरांनी कळसूबाई ठरवली. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. हा आकडा ऐकून मी हबकलो होतो. पण कॉमर्सचा पदवीधर असल्याने माझ्या लगेच लक्षात आलं, की ही उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते आणि पायथ्याचं बारी गाव समुद्रसपाटीवर नाही. बारीपर्यंतची उंची जीप चढते. ती आपली प्रारंभिक शिल्लक. आपण फक्त वरचा भरणा करायचा. हा हिशेब मी हिलाही ऐकवला. ही म्हणाली, "मग जीपलाच पुढे न्या की."

कल्याणहून रात्रीची कसारा लोकल, तिथून जीप, इगतपुरी-घोटीवरून बारी. पहाटे चढायला सुरुवात. वाटेत एका पोराने देवीची कथा सांगितली. कळसू नावाची एक मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली. तिची अट अशी, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. पुढे कुणीतरी ती अट मोडून तिला तेच काम सांगितलं, तेव्हा ती उठली आणि डोंगरावर निघून गेली, ती तिथेच राहिली. घरी आल्यावर ही कथा मी हिला सांगितली. देवीविषयी इतका जिव्हाळा तिच्या चेहऱ्यावर मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

कळसूबाईच्या वाटेवर अवघड कड्यांना लोखंडी शिड्या लावल्या आहेत. त्यांच्यामुळेच माझ्यासारखा माणूस वर जाऊ शकतो, आणि त्यांच्यामुळेच माझ्यासारखा माणूस वर जाऊ शकत नाही. पहिल्या शिड्या मी डोळे मिटून चढलो. म्हणजे अक्षरशः मिटून. पण वर गेल्यावर एक सपाटी लागते, तिथे विहीर आहे, सरबताच्या टपऱ्या आहेत, आणि पुढे शेवटची शिडी. तिच्यावर देऊळ. त्या दिवशी धुकं इतकं होतं, की शिडीच्या आठ-दहा पायऱ्या दिसत होत्या आणि मग शिडी ढगात शिरत होती. वारा असा, की कानातला कापूससुद्धा धरून ठेवावा लागावा. मी वर पाहिलं. स्वर्गात जाण्याची शिडी अशीच असेल असं वाटलं, आणि स्वर्गात जाण्याची मला अजिबात घाई नव्हती.

मी पोरांना म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे. मी जरा दम खाऊन आलोच." पोरं गेली. मी टपरीवर बसलो. लिंबूसरबत घेतलं. दम खाल्ला. आणखी एक सरबत घेतलं. तेवढ्यात नऊवारी लुगड्यातली, अनवाणी, सत्तरीची एक बाई हातात नारळ घेऊन माझ्या अंगावरून गेली आणि स्वयंपाकघरातल्या माळ्यावरून डबा काढायला चढावं तशी शिडी चढून ढगात नाहीशी झाली. मी तिसरं सरबत घेतलं.

पाऊण तासाने पोरं उतरली. धुक्यात कोण वर होतं आणि कोण नव्हतं हे कुणालाच कळलेलं नव्हतं. फोटोतसुद्धा सगळं पांढरं. आमच्या कॅशियरने विचारलं, "काका, आलात ना वर?"

आणि मी मान हलवली.

वाचकहो, या मानेविषयी मी वर्षभर विचार केला आहे. मी 'हो' म्हटलं नव्हतं. आपली मान ही अशी सोयीची गोष्ट आहे, की ती उभी हलली की आडवी हलली यावर दोन साक्षीदारांचं एकमत होत नाही. पण ती कशी हलली हे मानेच्या मालकाला ठाऊक असतं. माझी मान उभी हलली होती.

खोट्याचं व्याज चक्रवाढीने वाढतं हे मला बी.कॉम.च्या कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नाही. सोमवारी शाखेत मी चहा पाजला. मॅनेजरसाहेब म्हणाले, "वा! महाराष्ट्राच्या सगळ्यांत उंच माणसाला कर्ज विभागात कसं ठेवायचं?" पासबुक छापायला आलेल्या एका आजोबांनी मला वाकून नमस्कार केला. रात्री जेवताना मुलीने विचारलं, "बाबा, अगदी वर कसं वाटतं?" आणि माझ्या तोंडून वाक्य गेलं, "ढगांच्या डोक्यावर हात ठेवून उभं राहिल्यासारखं." हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं, की मी भाजी पुन्हा घेतली.

महिन्याभराने मुलीच्या वहीत एक निबंध निघाला. विषय, 'माझे बाबा'. पाच परिच्छेद. पहिल्या चारांत मी बँकेत जातो, मला वरणात लिंबू लागतं, मी भिजलेला टॉवेल पलंगावर टाकतो आणि घोरतो, असा सगळा खरा मजकूर होता. पाचवा परिच्छेद असा, की माझे बाबा भित्रे वाटतात, पण ते कळसूबाईच्या शिखरावर गेले आणि ढगांच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, म्हणून मलाही कशाची भीती वाटली की मी तेच आठवते. खाली बाईंचा लाल शाईत शेरा: 'उत्तम'. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एकाही व्हाउचरवर कुणी 'उत्तम' लिहिलेलं नाही. आणि लिहिलं ते नेमकं खोट्या नोंदीवर.

त्या रात्री झोप लागली नाही. हीसुद्धा म्हणाली, "आज घोरत नाही, बरं आहे ना?"

मी स्वतःची बाजू मांडून पाहिली. ५४०० फुटांतले शेवटचे काही फूट तेवढे राहिले. एवढी तूट कोण धरतो? दुधात पाणी यापेक्षा जास्त असतं. पण मी बँकेतला माणूस. दिवसअखेर कॅश जुळायची ती रुपयाला जुळायची. 'लाखो रुपयांच्या उलाढालीत दहा रुपयांचं काय एवढं' असं म्हणणारा कॅशियर फार दिवस कॅशियर राहत नाही. म्हणजे बाजू तिथेच पडली.

मग मी थोरामोठ्यांचा आधार शोधला. १९२४ साली मॅलरी आणि आयर्विन एव्हरेस्टवर गेले ते परत आले नाहीत. मॅलरीचा देह १९९९ साली सापडला, पण ते दोघे माथ्यावर पोचले होते की नव्हते, याचा निकाल अजून लागलेला नाही. मला क्षणभर बरं वाटलं. शंकेचा फायदा मलाही मिळायला हरकत नव्हती. पण मॅलरी कुणाला काही सांगायला खाली आला नाही. मी खाली आलो होतो. आणि वर मान हलवली होती.

दुसरी गोष्ट सापडली ती कांचनजंगाची. जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं शिखर, ८५८६ मीटर. १९५५ साली, मे महिन्यात, जॉर्ज बँड आणि जो ब्राउन या दोघा इंग्रजांनी ते पहिल्यांदा चढलं. सिक्कीमच्या लोकांना तो डोंगर पवित्र. माथ्यावर पाय ठेवणार नाही, असा शब्द त्यांच्या मोहिमेने सिक्कीमच्या राजाला दिला होता. म्हणून हे दोघे माथ्याच्या काही फूट खाली थांबले आणि परत फिरले. एवढा जीव धोक्यात घालून, एवढे हजारो फूट चढून, शेवटचे काही फूट सोडून दिले! पुढे अनेक गिर्यारोहकांनी हा रिवाज पाळला. आणि जगाने काय केलं? 'तुमचे काही फूट कमी पडतात' असं म्हटलं का? अजिबात नाही. कांचनजंगावर प्रथम कोण चढलं, तर हे दोघे, असंच सगळी पुस्तकं सांगतात.

मी अंथरुणात उठून बसलो. तेही काही फूट कमी, मीही काही फूट कमी! मग ते इतिहासात आणि मी घामात, असं का?

उत्तर सुचायला मला पहाट झाली, आणि सुचलं ते शाखेतल्या कॅशकडे बघूनच. काउंटरवर बसणाऱ्या माणसाला आयुष्यात कधी ना कधी तूट येतेच. नोटा चिकटतात, हात चुकतो, नजर चुकते. तूट आली म्हणून कुणी चोर होत नाही. तो उठतो, साहेबांना सांगतो, नोंद होते, आणि बिचारा पदरचे पैसे भरतो. तूट येणं हा गुन्हा नाही. तूट लपवून कॅश जुळली असं सही करून देणं हा गुन्हा. रक्कम तीच, फूट तेवढेच. फरक सांगण्यात आहे. कांचनजंगावरच्या दोघांनी आपली तूट आधी जाहीर केली होती. एवढंच कशाला, आमची कळसूबाईसुद्धा 'भांडी घासणार नाही' हे पहिल्या दिवशी सांगून कामाला राहिली होती. मी विहिरीपाशी थांबलो यात पाप नव्हतं. भीती वाटली तर माणसाने थांबावं. नाहीतर देवाने गुडघे कापण्याची सोय ठेवली नसती.

आपल्याकडे मात्र मागे फिरण्याला फारशी प्रतिष्ठा नाही. १६७० साली कोंढाण्यावर तानाजी पडल्यावर सूर्याजीने परतीचे दोर कापले, असं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि तेव्हापासून मराठी माणसाला दोर कापण्याचं भारी वेड. पण ते लढाईवर गेले होते. मी रविवारी गेलो होतो. माझा दोर म्हणजे संध्याकाळची कसाऱ्याची लोकल, ती कापून कसं चालेल? आणि हिरकणीची गोष्ट आपण सांगतो, ती तर रायगडाचा कडा उतरल्याबद्दल. खाली कुणीतरी वाट बघत असेल तर उतरणं हेसुद्धा मोठं काम असतं.

राहता राहिली ती 'पाच मिनिटां'ची गोष्ट. ते खोटं मला चालतं आणि हे का चालत नाही? मी दोन्ही तागडीत टाकून पाहिली. 'आलंच' म्हणणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. त्या खोट्याने दुसऱ्याला शंभर पावलं जास्त मिळतात. माझ्या खोट्याने कुणाला एक पाऊलही मिळालं नव्हतं. मलाच एक पदवी मिळाली होती. आणि आता त्या पदवीच्या जोरावर एक तेरा वर्षांची मुलगी स्वतःची भीती मोजायला लागली होती. तिच्या हातात मी खोटं वजन दिलं होतं.

बँकेत एक सस्पेन्स खातं असतं. ज्या रकमेचं काय करायचं हे आज कळत नाही, ती तात्पुरती तिथे टाकून ठेवायची. माझी मान मी त्या खात्यात टाकली आणि, सगळे टाकतात तशी, विसरून गेलो. पण या खात्याचा नियम असा, की कधीतरी ऑडिटर येतो.

ऑडिटर यंदा जानेवारीत आला. मुलगी म्हणाली, "बाबा, मला कळसूबाईला न्या."

दोघेच गेलो. ती पुढे, मी मागे. वाटेत मी तीन वेळा सांगायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा मला धाप लागली. आकाश स्वच्छ होतं. दूर भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं. अलंग, मदन आणि कुलंग एका रांगेत उभे होते, जणू पगाराच्या दिवशी खिडकीपुढे. विहिरीपाशी आलो आणि मी वर पाहिलं. धुकं नव्हतं. शेवटची शिडी या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी दिसत होती, वर चिमुकलं देऊळ दिसत होतं. एवढंसं अंतर! वर्षभर मी जिच्या ओझ्याखाली वाकलो होतो ती शिडी ही एवढीच? तूट लपवली की वाढते, ती अशी.

टपरीवर तीच बाई होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने काही न बोलता दोन सरबतं पुढे केली.

मुलगी शिडीकडे धावली. सात-आठ पायऱ्या चढली. मग वारा आला आणि ती थांबली. दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरले. खाली बघितलं, वर बघितलं, आणि एकेक पायरी चाचपत खाली आली. चेहरा पांढरा. म्हणाली, "मला नाही जमत, बाबा." मग डोळे भरून आले. "तुम्ही तर धुक्यात गेला होतात. तुम्हाला कसं जमलं?"

त्या क्षणी माझ्यापुढे दोन वाक्यं होती. एक तयार होतं: 'हे काय, आलंच! चल, पाच मिनिटं.' दुसरं वर्षभर सस्पेन्समध्ये पडलेलं होतं.

मी म्हटलं, "नाही जमलं. मीही इथपर्यंतच आलो होतो. त्या बाकावर बसून तीन सरबतं प्यायलो. भीती वाटली मला."

ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे नुसती बघत होती, ग्राहक पासबुकातली न कळणारी नोंद बघतो तशी. मग म्हणाली, "म्हणजे पाचवा परिच्छेद खोटा?"

"पाचवा तेवढा. पहिले चार खरे."

"ढगांच्या डोक्यावर हात?"

"ते सुचलं होतं."

तिने डोळे पुसले. "चांगलं सुचलं होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण तो राग शिडीवरचा नव्हता, माझ्यावरचा होता, आणि तो मला हक्काचा होता. पदरचे पैसे भरताना कॅशियरला कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं. खिसा हलका होतो आणि छातीही.

टपरीवरची बाई ग्लास विसळता विसळता म्हणाली, "म्या तवाच वळखलं व्हतं, सायेब. पर म्हनलं, आपुन कशाला बोला." गोपनीयतेची शपथ आम्ही बँकेतले लोक नोकरीला लागताना घेतो. पाळते ती ही बाई.

आम्ही त्या दिवशी वर गेलो नाही. काकडी खाल्ली, देवीला खालूनच हात जोडले आणि उतरायला लागलो. अर्ध्या वाटेवर एक जाडसर गृहस्थ धापा टाकत वर येत होते. त्यांनी विचारलं, "अजून किती?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "काका, अजून बरंच आहे. पण वर विहिरीपाशी सरबत छान मिळतं. तिथपर्यंत जा, पुढचं तिथे ठरवा." ते गृहस्थ क्षणभर खचले, मग हसले आणि चालू लागले. इतकी उपयोगी माहिती मला दोन वर्षांत एकाही उतरणाऱ्याने दिली नव्हती.

जीपमध्ये ती म्हणाली, "बाईंना मी सांगणार नाही. पण आईला तुम्ही सांगायचं." ही अट मला शेवटच्या शिडीहून उंच वाटली. तरी रात्री सांगितलं. ही वरणाला फोडणी देत होती. मागे न वळता म्हणाली, "मला मागच्या वर्षीच कळलं होतं. खरंच वर जाऊन आला असतात, तर देवीपुढे पावती फाडून आला असतात, आणि ती पावती मला दाखवली असतीत." आणि मग, थोडं थांबून, "थांबलात ते बरं केलंत."

आता उरली शाखा. तिथे मी अजून सांगितलेलं नाही. मॅनेजरसाहेब अजूनही नव्या माणसाशी माझी ओळख 'महाराष्ट्रातला सर्वांत उंच क्लार्क' अशी करून देतात आणि मी टेबलाखाली वाकून काहीतरी शोधू लागतो. म्हणून हा लेख लिहिला. हेच माझं दुरुस्तीचं व्हाउचर समजावं. आमच्या शाखेत कुणी पुस्तकं वाचत नाही अशी माझी खात्री होती, म्हणून निर्धास्तपणे लिहीत होतो.

पण हे वाक्य लिहिताना लक्षात आलं, की ही पुन्हा तीच मान हलवण्यातली युक्ती झाली. तेव्हा पुस्तक छापून आलं की एक प्रत कॅशियरच्या काउंटरवर ठेवायची, आणि हे पान दुमडून ठेवायचं, असं ठरवलं आहे.

अगदी आलंच. पाच मिनिटं.